उताऱ्यात आहे तेच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा मी एक सामान्य विद्यार्थी होतो. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, प्रबंध लिहिला, निवृत्तही झालो. आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्याच शाळेत बोलायला उभे राहताना मन भरून येते, आणि थोडी धास्तीही वाटते. धास्ती अशासाठी की, गुरुजी समोर असते तर माझ्या प्रत्येक विधानानंतर त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला असता.

तो प्रश्न माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास अपठित उताऱ्याचा असे. गुरुजी उतारा फळ्यावर लिहीत, आम्ही तो मनात वाचायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. उत्तर चूक असो वा बरोबर, गुरुजी एवढेच म्हणत, "कुठे लिहिले आहे? बोट ठेव." मग फळ्याशी जाऊन त्या ओळीवर बोट ठेवावे लागे. ज्याला बोट ठेवता येत नसे तो गप्प जागेवर येऊन बसे. गुरुजींनी कोणाला मारल्याचे मला आठवत नाही. पण त्या रिकाम्या बोटाची लाज छडीपेक्षा जास्त लागे.

अपठित उतारा आणि त्याखालच्या चार पर्यायांतून योग्य पर्याय निवडणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. भोजराजाच्या नगरीत वाढलेल्या आणि देवासच्या टेकडीखाली अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाने व्याख्यानासाठी परीक्षेतला प्रश्नप्रकार निवडावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या प्रश्नप्रकाराचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या धारच्याच दगडावर कोरलेला आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रारंभ माझ्या एका चुकीच्या कबुलीने करतो.

१९७९ साली माळव्यातील मराठी मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या एका छोट्या शिष्यवृत्ती परीक्षेचा उतारा काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी तरुण होतो, उत्साही होतो. उतारा मीच लिहिला. दोन शेजारी, त्यांच्यात जुनी अढी, एकाच्या वाड्यात विहीर. दुष्काळी उन्हाळ्यात विहिरीचा मालक रात्री रहाटाचा दोर काढून घरात ठेवतो. एके रात्री शेजारच्या घरातले तान्हे मूल पाण्यासाठी रडते आणि मालक स्वतःच उठून दोर पुन्हा रहाटाला लावतो. एवढीच गोष्ट. खाली प्रश्न होता: या उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा. पर्याय चार: 'विहिरीचे महत्त्व', 'उन्हाळ्याचे दिवस', 'विरलेली अढी', 'गावचे पाणी'. उत्तरसूचीत मी पहिला पर्याय दिला होता. का दिला, हे आज सांगता येते. 'विहीर' हा शब्द उताऱ्यात सात-आठ वेळा आला होता.

निकाल लागल्यावर देवासची एक बारा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर माझ्या घरी आली. तिने तिसरा पर्याय निवडला होता. वाद घालण्याचा तिचा आविर्भाव नव्हता, तिला फक्त विचारायचे होते. ती म्हणाली, "सर, विहीर पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच आहे. बदलली ती माणसं." मी क्षणभर निरुत्तर झालो. नंतर प्राध्यापकी आवाजात म्हणालो की, उत्तरसूची छापून झालेली आहे आणि ठरलेले उत्तर आता बदलता येणार नाही. वडील "बरं साहेब" म्हणाले आणि तिला घेऊन गेले. त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. ते त्या एका गुणानेच हुकले का, हे मी कोणाला विचारले नाही. विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

या चुकीचे शास्त्रीय नाव मला पुढे काही वर्षांनी कळले. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. एकाच उत्तराला एक शिक्षक भरपूर गुण देतो आणि दुसरा शून्य, या तफावतीवर उपाय म्हणून त्याने असे प्रश्न रचले की ज्यांचे उत्तर एकच असेल आणि तपासणाऱ्याच्या लहरीला वाव राहणार नाही. बहुपर्यायी प्रश्नांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या चाचणीपासून सांगितला जातो. त्यानंतर लवकरच, १९१७ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने उतारे वाचताना मुले कोणत्या चुका करतात यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या एका उताऱ्यात फ्रँकलिन नावाच्या गावी मुलांच्या शाळेतील हजेरीचे नियम सांगितले होते. उताऱ्याचा विषय कोणता, असे विचारल्यावर काही मुलांनी नुसते 'फ्रँकलिन' असे उत्तर दिले.

थॉर्नडाइकने काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या मते मुले चुकतात ती शब्द कळत नाहीत म्हणूनच असे नाही. एखादा शब्द त्यांच्या मनात वाजवीपेक्षा मोठा होतो आणि त्याच्या छायेत बाकीचे शब्द दिसेनासे होतात, म्हणूनही ती चुकतात. वाचन ही विचाराची क्रिया आहे. गणित सोडवताना प्रत्येक संख्येला तिची जागा द्यावी लागते, तशी वाचताना प्रत्येक शब्दाला त्याचे योग्य वजन द्यावे लागते. माझ्या उताऱ्यात 'विहीर' हा शब्द माझ्याच मनात मोठा झाला होता. परीक्षार्थी मुलीने सर्व शब्दांना योग्य वजन दिले, आणि परीक्षक तेवढा नापास झाला.

हा विचार केवळ पश्चिमेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याचे शास्त्र आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी रचले. आरंभ आणि शेवट काय सांगतात, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, नवे काय सांगितले आहे, त्याचे फळ कोणते, स्तुतीचा भाग कोणता आणि युक्तिवाद कोणता, या सहा खुणा त्यांनी दिल्या. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरवण्यासाठी याच कसोट्या वापरल्या आहेत. पुन्हा पुन्हा येणे ही सहांपैकी फक्त एक खूण आहे, ती एकटी पुरेशी नाही, हे ध्यानात घ्यावे. माझी विहीर तेथेच बुडाली होती. आणि आपला भोजराजा? त्याच्या 'शृंगारप्रकाशा'त शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत विवक्षा आणि तात्पर्य हे दोन स्वतंत्र मानले आहेत. बोलणाऱ्याला काय म्हणायचे आहे आणि वाक्य कोठे पोहोचते, यांची गल्लत होऊ नये, ही जाण धारच्या सिंहासनावर हजार वर्षांपूर्वी होती.

आता त्या दगडाकडे येतो.

आमच्या लहानपणी वसंतपंचमीला शाळेत एक तसबीर पूजेला मांडली जाई. ब्रिटिश म्यूझियममधील एका संगमरवरी देवीमूर्तीचे ते छायाचित्र होते. ही भोजराजाची सरस्वती, इंग्रजांनी ती विलायतेस नेली, असे आम्हांला सांगितले जाई, आणि माझे बालमन त्या अन्यायाने पेटून उठे. मूर्ती १८७५ साली धार शहरातील राजवाड्याच्या जागी मिळाल्याची नोंद आहे. तिच्या पायथ्याशी संस्कृत लेख आहे, त्यात भोजाचे नाव आहे आणि विक्रम संवत १०९१ म्हणजे इसवी सन १०३४ च्या सुमाराचा काळ आहे. १९२४ साली 'रूपम्' या कलाविषयक नियतकालिकात ओ. सी. गांगुली आणि का. ना. दीक्षित या विद्वानांनी तिची ओळख सरस्वती अशी प्रसिद्ध केली. लेखात 'वाग्देवी' हा शब्द स्पष्ट आहे. भोज, धार आणि वाग्देवी हे तीन शब्द एका दगडावर दिसल्यावर दुसरे काही सुचणेच कठीण होते.

१९८० च्या सुमारास किरीट मनकोडी यांनी या मूर्तीविषयी पुन्हा प्रश्न उपस्थित केला आणि हरिवल्लभ भायाणी यांच्यासारख्या प्राकृत-संस्कृतच्या जाणकाराने लेखाचा अर्थ नव्याने लावला. तो निबंध माझ्या हाती पडला तेव्हा मी लेखाचे वाचन समोर घेऊन बसलो. काही अक्षरे झिजलेली आहेत, ती सोडून देऊ. जे स्पष्ट आहे त्याचा अन्वय असा लागतो: वररुचीने प्रथम वाग्देवी करवून, नंतर जिनांची त्रयी करवून, अंबेची ही शुभ मूर्ती निर्माण करवली. शेवटी सूत्रधार साहिराचा पुत्र मणथल याने ती घडवल्याचे आणि शिवदेवाने लेख लिहिल्याचे सांगितले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख अपठित उतारा समजा आणि खाली प्रश्न आहे असे समजा: प्रस्तुत लेख ज्या मूर्तीवर आहे ती मूर्ती कोणाची?

'वाग्देवीची' हा पर्याय पहिला. त्यातला शब्द उताऱ्यात आहे, तोही अगदी आरंभी, आणि आपल्या मनात त्याला आधीच मोठे स्थान आहे. परंतु वाक्याचे क्रियापद पाहा. 'विधाय' हे ल्यबन्त अव्यय आहे, मराठीत आपण 'करून' किंवा 'केल्यावर' म्हणतो तसे. ते आधी घडून गेलेली क्रिया सांगते. मुख्य क्रियापद 'निर्ममे' हे शेवटी येते, आणि त्याचे कर्म अंबा आहे. "मी उज्जैनला जाऊन इंदूरला आलो" असे म्हणणारा माणूस कोठे आहे, याचे उत्तर उज्जैन असे कोणी देईल का?

असे चुकीचे पर्याय साधारणपणे चार जातींचे असतात, आणि चारही या एका लेखावर दाखवता येतात. पहिली जात ओळखीच्या शब्दाची, ती आताच पाहिली. दुसरी जात जगात खऱ्या पण उताऱ्यात नसलेल्या गोष्टीची. 'भोजाने सरस्वतीकंठाभरण हा ग्रंथ रचला' हे विधान खरे आहे, पण या लेखात ते कोठेही नाही. तिसरी जात ताणलेल्या विधानाची. 'वररुचीने केवळ अंबेचीच मूर्ती करवली' यातला 'केवळ' उताऱ्याने दिलेला नाही, उलट नाकारला आहे. पर्यायात 'केवळ', 'सर्व', 'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द दिसले की तेथे थांबून बोट ठेवायला जागा आहे का ते पाहावे. चौथी जात उलट्या क्रमाची. 'अंबेनंतर वाग्देवी घडली' यात सगळे शब्द उताऱ्यातलेच, फक्त आधीचे नंतर झाले आहे. चार खोट्या वाटा ओळखून बाजूला केल्या की उरलेली वाट बहुधा खरी असते.

हा अर्थ कळला त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी लपवणार नाही. ज्या तसबिरीला मी लहानपणी फुले वाहिली ती जैन परंपरेतील अंबिका असावी, हे मनाला रुचत नव्हते. मी दुसऱ्या अन्वयाच्या शोधात कोश चाळले, व्याकरण चाळले. मग माझे मलाच हसू आले. उत्तर आधी ठरवून मी त्यासाठी उतारा शोधत होतो. देवासच्या मुलीला "उत्तरसूची छापून झाली आहे" असे सांगणारा मी, आणि त्या रात्री कोश चाळणारा मी, एकच होतो. माझ्या मनातली उत्तरसूची फार पूर्वी छापून झाली होती.

आज ब्रिटिश म्यूझियमच्या नोंदीतही ती मूर्ती अंबिका म्हणूनच आहे. मूर्तीच्या पायाशी सिंह आहे आणि सिंह हे अंबिकेचे वाहन. तरीही हा अर्थ सर्वांनी मान्य केला आहे असे नाही, आणि भोजशाळेच्या वास्तूविषयीचा वाद तर न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. त्या वादात या व्यासपीठावरून मी शिरणार नाही. भिडस्तपणा हे त्याचे कारण नाही. ती वास्तू काय होती, हा या श्लोकाला विचारलेला प्रश्नच नाही. उताऱ्याबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातून काढायचे नाही, हाही त्याच शिस्तीचा भाग आहे. मात्र श्रद्धाळू मनाने एक गोष्ट जरूर पाहावी. याच लेखात वररुचीने वाग्देवी करवल्याची स्पष्ट नोंद आहे. म्हणजे काळजीपूर्वक वाचणाऱ्याच्या हातून वाग्देवी हिरावली जात नाही. वाग्देवीची मूर्ती झाली होती, याची दगडावरची साक्ष त्याला मिळते. ती लंडनला नाही एवढेच.

येथे काशीनाथ कृष्ण लेले यांचे स्मरण करणे उचित होईल. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे हे अधिकारी. १९०३ च्या सुमारास भिंतीत आणि फरशीत बसवलेले कोरीव दगड त्यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्यांत मदन या कवीची 'पारिजातमंजरी' ही नाटिका होती, ती पुढे हुल्ट्श या जर्मन विद्वानाने संपादित करून प्रसिद्ध केली. नाटिका चार अंकांची, मिळाले दोनच अंक. तिसऱ्या अंकात काय घडले असेल, यावर कल्पना कितीही लढवता येतील, पण उत्तर नाही. उतारा अर्धा असेल तर "सांगता येत नाही" हाच योग्य पर्याय असतो, आणि तो निवडायला विद्वत्तेपेक्षा धीर जास्त लागतो.

'सांगता येत नाही' या पर्यायाची थोरवी शिकायची तर धारेहून देवासला यावे लागते. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती ही एकाच गावात नांदणारी दोन संस्थाने होती. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने येथे राहिला. त्याआधी १९१२-१३ च्या प्रवासातही तो येथे येऊन गेला होता. देवासच्या आठवणींचे त्याचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, त्याच्या नावातच आपली देवीची टेकडी आहे. परंतु मला सांगायचे आहे ते त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीविषयी. ती प्रसिद्ध झाली १९२४ साली. धारच्या मूर्तीची सरस्वती म्हणून ओळख प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

कादंबरीत एक इंग्रज तरुणी डोंगरातील लेण्यांत जाते, तेथे तिच्यावर काही प्रसंग ओढवला असे तिला वाटते, आणि डॉक्टर अझीझ या हिंदी गृहस्थावर आरोप येतो. गावातील बहुतेक इंग्रजांनी उत्तर आधीच निवडलेले असते. खटल्यात आरोपपक्षाची बाजू मांडणारा पोलीस अधिकारी विचारतो: आरोपी तुमच्या मागोमाग लेण्यात आला ना? ती तरुणी तो दिवस मनाने पुन्हा पाहते, लेणे पाहते, लेण्याचे दार पाहते. तिला दारात कोणीच दिसत नाही. आपली चूक झाली असे ती भरल्या न्यायालयात सांगते आणि आरोप मागे घेते. आपल्या माणसांचा रोष पत्करून ती जणू उताऱ्यावर बोट ठेवायला जाते आणि बोट रिकामे आहे हे मान्य करते. एका निरपराध माणसाची सुटका त्या रिकाम्या बोटाने होते. लेण्यात प्रत्यक्ष काय घडले, हे फॉर्स्टरने कादंबरीत सांगितले नाही आणि मित्रांनी विचारल्यावरही उलगडले नाही. तो प्रश्न परीक्षेत घालून चार पर्याय देणारा परीक्षक त्या कादंबरीवर अन्यायच करील.

धारचा श्लोक आणि देवासच्या पाहुण्याची कादंबरी, असे हे दोन धडे आहेत. जेथे उताऱ्याने उत्तर दिले आहे तेथे ते आपल्याला आवडो न आवडो, स्वीकारावे. जेथे दिलेले नाही तेथे आपल्या पदरचे घालू नये. टीकाकार मल्लिनाथानेही मुळात नसलेले काही लिहिणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती. एवढी शिस्त आली की चार पर्याय आपोआप सुटतात.

या शिस्तीला आज मोठी किंमत आली आहे. २०११ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत उताऱ्यांवरील प्रश्नही असलेला स्वतंत्र पेपर आला. इंग्रजी उताऱ्यांवरून आणि हिंदी भाषांतराच्या बोजडपणावरून २०१४ मध्ये देशी भाषांतील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या उत्तीर्णतेपुरता ठेवण्यात आला. विद्यार्थ्यांची तक्रार रास्त होती. जो उतारा नीट लिहिलेलाच नाही त्यावर बोट कोठे ठेवणार? योग्य पर्याय निवडण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची खरी, पण योग्य उतारा आणि योग्य उत्तरसूची देण्याची जबाबदारी आपली, शिक्षकांची आणि परीक्षकांची आहे. ती मी एकदा पार पाडली नाही.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा उतारा काढला, तेव्हा उत्तरसूची देण्यापूर्वी तो दोन विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतला. त्यांचे उत्तर माझ्याहून वेगळे आले तर "कुठे लिहिले आहे?" हा प्रश्न आधी त्यांना आणि मग स्वतःला विचारला. दर चार-पाच उताऱ्यांमागे एकदा तरी मला माझे उत्तर बदलावे लागले. त्या देवासच्या मुलीचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. आज ती साठीच्या जवळ आली असेल. ही पुस्तिका तिच्या हाती पडली, तर तिने एवढे जाणावे की तिचे उत्तर बरोबर होते आणि सूचीतले चूक.